रनर

पापाच्या तिकटीजवळचा चेनवाला म्हणाला,
“रनर गेलाय मावशी, आख्खी चेनच बदलायला लागणार.
दीडशे. आणि बॅग परवा.”
परवा म्हणजे दोन दिवस
उघड्या तोंडानं लोकांचे पैसे घेऊन फिरायचं.
“बघतो,” म्हटलं, आणि घरी आले.

पिग्मीची बॅग ही.
अकरा वर्षं, गुजरीपासून गंगावेशीपर्यंत,
दिवसाला साठ-सत्तर वेळा उघडायची, मिटायची.
वीस रुपये. पन्नास. कधी नुसतंच “उद्या या.”
“उद्या या”लाही चेन उघडलेली असते,
कारण हात आधीच तिथं गेलेला असतो.

रात्री भांडी झाल्यावर
ह्यांच्या पेटीतली पक्कड काढली.
ह्यांची दुसरी पाळी, उद्यमनगरातून यायला बारा वाजणार.
फोन केला तर मागं मशीनचा आवाज, त्यात ओरडून:
“दाबू नकोस गं. दाबल्यासारखं कर.”
अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
घरात माप असं सांगतो.

आधी बॅग रिकामी केली.
पावत्यांचा रोल, रबरं, चिंचेच्या गोळ्या,
आणि तळाला पीठ.
तेरदाळ्यांच्या गिरणीतल्या नोटांना ते असतंच.

मग बोटानं दात बघितले, एकेक.
सगळे जागेवर.
रनर पुढं जातो, मागं दात मिटतात,
मिटतात, आणि पोटाशी परत उकलतात.
खोट दातांत नव्हतीच.
जबडा सैलावला होता रनरचा.
दोन्हीकडच्यांना धरून न्यायचं सोडून
तो आपला एकटाच मधून घसरत होता.

अस्तराच्या उसवलेल्या कोपऱ्यात
दहाची नोट सापडली. चार घड्या घातलेली.

गेल्या दिवाळीआधी भरण्याला दहा कमी आले होते.
मी माझे टाकले,
आणि मनात बागवानाच्या तौफिकला धरलं.
त्यानं त्या दिवशी देताना जरा घाई केली होती, एवढंच.
कुणाला बोलले नाही.
पण तेव्हापासून त्याच्या गाड्यावर मी दोनदा मोजते.
तो बघतो. तोही बोलत नाही.
आता नोटा देताना
हातपंख्यासारख्या पसरून धरतो.

दहा रुपये माझेच. डब्यात टाकले.
बाकीचं कुठल्या पावतीवर लिहायचं?

पक्कड उजव्या अंगाला. दाबल्यासारखं.
मग डाव्या.
चार बोटं मिटली, पाचव्याला उकललं.
परत मागं. परत थोडं.
किती, ते डोळ्याला दिसत नाही,
बोटाला मात्र आधी कळतं.
लाईट जाते तेव्हाची अर्धी मेणबत्ती
दातांवरून फिरवली, साबणासारखी,
आणि ओढलं.
गेली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
मागं सगळं मिटवत गेली.

प्रज्योत पाणी प्यायला उठला.
“अडीचशेला नवी येते की, आई. मागवू?
आणि आता रोख देतंय कोण?”
“देतात,” म्हटलं. “झोप जा.”

अजून एका जागी अडते ती,
शेवटून तिसऱ्या दाताशी.
तिथं जोर करायचा नाही.
थांबायचं, अंगठ्यानं जरा वर उचलायचं.

सकाळी गाड्यावर तौफिकनं नोटा पसरल्या.
मी घेतल्या,
आणि तशाच आत टाकल्या.
“मावशी, मोजा की,” तो म्हणाला.
लगेच नाही; पेरूंवर पाणी मारून झाल्यावर.

चेन तिसऱ्या दाताशी अडली होती.
“थांब की जरा,” म्हटलं,
आणि अंगठा खाली सरकवला.